जुन्या रेडिओंच्या ऑनलाइन संग्रहात आपला सेट नेमका कसा शोधायचा?

तापीकाठ (जळगाव)
नमस्कार मंडळी. पारोळ्याच्या एका वाड्याची आवराआवर चालली होती, तिथून माझ्याकडे फिलिप्सचा एक जुना व्हॉल्व्ह सेट (ट्रान्झिस्टरआधीचा, आत काचेच्या नळ्या असलेला रेडिओ) आला आहे. लाकडी खोकं, डायलची काच शाबूत, बटणं सगळी जागेवर. मागचा पुठ्ठा तेवढा नाही, आणि मॉडेल नंबर नेमका त्याच पुठ्ठ्यावर असतो.

सर्किट हातात आल्याशिवाय जुन्या सेटला करंट द्यायचा नाही, हा माझा नियम. म्हणून रेडिओम्युझियम डॉट ऑर्ग, इंटरनेट आर्काइव्ह, वर्ल्ड रेडिओ हिस्टरी असं सगळीकडे शोधतोय. तिथे खजिना आहे, यात वाद नाही. पण 'फिलिप्स व्हॉल्व्ह रेडिओ' एवढंच टाकलं की हॉलंड, ऑस्ट्रिया, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, जगभरचे सेट समोर येतात आणि चित्रं बघता बघता मध्यरात्र होते.

आत हे आहे: यूसीएच८१, यूबीएफ८९, यूसीएल८२. चौथा बेस (व्हॉल्व्ह बसवायची खाच) रिकामा, त्याला खालून काहीतरी जोडलेलं दिसतं. बँड तीन: एक मीडियम, दोन शॉर्टवेव्ह.

तुम्ही मंडळी शोध कुठून सुरू करता? ब्रँडवरून, वर्षावरून, की आणखी कशावरून? माझ्या सेटपुरतं उत्तर नको. इथे बऱ्याच जणांच्या माळ्यावर असे सेट आहेत, सगळ्यांना कामाला येईल असं लिहा.

शेवभाजी_डबल_रस्सा (धुळे)
भाऊ, आधी फोटो. काचेचा जवळून घ्या, गावांची नावं वाचता आली पाहिजेत. आणि चेसिस, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, खालच्या बाजूने.

तापीकाठ
टाकलेत. खालची बाजू साफ करायची आहे अजून. आयएफटीच्या (मधल्या फ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे आयएफच्या ट्रान्सफॉर्मरच्या) डब्यावर कुंभारमाशीने मातीचं घर केलंय, ते ओलं न करता काढायचं म्हणून थांबलोय.

डायलडोरी (धुळे)
ब्रँडचं नाव सगळ्यात शेवटी टाकायचं. शोध व्हॉल्व्हवरून सुरू करायचा.

कारण सरळ आहे. खोकं बदलतं, बटणं बदलतात, पुठ्ठा हरवतो, पण सेटच्या आतला व्हॉल्व्हचा संच ही त्या सर्किटची ओळख असते. रेडिओम्युझियमवर सविस्तर शोधाचं पान आहे. तिथे व्हॉल्व्हचे नंबर, बँड, वीजपुरवठ्याचा प्रकार, साल असे वेगवेगळे रकाने भरता येतात. नुसत्या नावाच्या रकान्यात अडकलं की तुमच्यासारखी मध्यरात्र होते.

ज्यांना व्हॉल्व्हची भाषा नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. युरोपियन नंबराचं पहिलं अक्षर फिलामेंटचं, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेचं. ई म्हणजे ६.३ व्होल्ट, यू म्हणजे १०० मिलिअँपियरवर एकापाठोपाठ एक जोडलेले, डी म्हणजे १.४ व्होल्टचे, बॅटरी सेटमधले. पुढची अक्षरं काम सांगतात: सी ट्रायोड, एच हेक्झोड किंवा हेप्टोड, एफ पेंटोड, एल आउटपुटचा, बी दोन डायोड, वाय एकेरी रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा), झेड दुहेरी रेक्टिफायर, एम म्हणजे हिरवा डोळा. आकडा बेस सांगतो. ८० च्या घरातले नऊ पिनांचे, ४० च्या घरातले आठ पिनांचे रिमलॉक, ९० च्या घरातले सात पिनांचे.

आता तापीकाठ, तुमचा संच वाचू. यूसीएच८१ कन्व्हर्टर (केंद्राची फ्रिक्वेन्सी बदलून आयएफवर आणणारा), यूबीएफ८९ आयएफ आणि डिटेक्टर (त्यातून आवाज वेगळा काढणारा), यूसीएल८२ ऑडिओ आणि आउटपुट. रेडिओ पूर्ण व्हायला उरला फक्त रेक्टिफायर. म्हणजे रिकामा बेस रेक्टिफायरचा, आणि या घरात तो बहुधा यूवाय८५ असतो. कोण्या मेकॅनिकने तो काढून खाली बीवाय१२७ डायोड लावला असणार. आपल्याकडे एके काळी ही सर्रास दुरुस्ती होती.

याची खात्री मल्टिमीटरने होते. यू मालिकेत सगळे फिलामेंट एका माळेत असतात. एक व्हॉल्व्ह काढला तर माळ तुटते, सेट पेटतच नाही. म्हणजे मेकॅनिकला त्या जागी रेझिस्टर बसवावाच लागला असेल. यूवाय८५ चं फिलामेंट ३८ व्होल्टचं. १०० मिलिअँपियरला ३८ व्होल्ट म्हणजे ३८० ओहम. रिकाम्या बेसच्या ४ आणि ५ नंबरच्या पिना बघा. तिथे ३८० च्या आसपासचा वायरवाउंड रेझिस्टर निघाला तर चौथा व्हॉल्व्ह कोणता होता ते तोच सांगेल.

मग चारही नंबर टाकून शोधा. तीनच टाकाल तर वेगळ्या रेक्टिफायरचे सेट उगाच मधे येतील.

भुसावळ_यार्ड
डायलडोरी छान सांगतात, पण त्याआधीचं एक राहिलं. यू मालिका म्हणजे एसी-डीसी सेट. त्यात मेन ट्रान्सफॉर्मर नसतो. चेसिस थेट लाईनच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की अख्खी चेसिस जिवंत. बटणाचा प्लॅस्टिकचा भाग निघाला असेल आणि नुसत्या दांडीला हात लागला तरी झटका बसतो.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेट लाईनपासून वेगळा ठेवणारा) हवाच, आणि पहिल्यांदा करंट देताना सिरीजमध्ये ६० वॅटचा बल्ब. बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबा. कागदी कंडेन्सर तपासल्याशिवाय तर प्लगला हातच लावू नका.

आता मूळ मुद्दा. मला विचाराल तर शोधत बसण्यापेक्षा चेसिस उलटी करा आणि सर्किट स्वतः कागदावर उतरवा. चार व्हॉल्व्हचा सुपरहेट (प्रत्येक केंद्र आधी एकाच आयएफवर आणणारा सेट) आहे. १९५० च्या दशकातले असे सगळे सेट एकाच वळणाचे. एक रविवार पुरतो. त्यातून जे कळतं ते कुठल्या स्कॅनमधून कळत नाही.

सातपुडा_वारा (चोपडा)
भुसावळचे काका म्हणतात ते पटलं. पण कोळसा झालेल्या रेझिस्टरची किंमत कागदावर उतरवायची कशी? तिथे तर मूळ सर्किटच लागतं.

भुसावळ_यार्ड
बरोबर. जळालेल्याची किंमत आजूबाजूच्या व्होल्टेजवरून काढता येते, पण नवशिक्याला अवघड जाईल. मी दोन्ही करा म्हणतो. आधी उतरवा, मग शोधा, मग ताडून बघा.

काचेवरची_गावं (चाळीसगाव)
मी शोध नेहमी काचेवरून सुरू करते, म्हणून नावही तेच घेतलंय. फोटो मोठा करून बघितला. तापीकाठदादा, तुमच्या काचेवर पुणे आहे आणि नागपूरही आहे. नागपूर केंद्र १९४८ चं, पुणे १९५३ चं. म्हणजे सेट १९५३ च्या मागे जात नाही. साल टाकायच्या रकान्यात 'पासून' म्हणून १९५३ भरा, यादी तिथेच आखडते.

ज्यांच्या काचेवर लाहोर, पेशावर, ढाका ही नावं दिल्ली-मुंबईसोबत आकाशवाणीची म्हणून दिसतात, त्यांचे सेट फाळणीआधीच्या काळातले समजा. ढाक्याचं केंद्र १९३९ मध्ये सुरू झालं होतं, म्हणजे तिथेही एक खालची हद्द मिळते. फाळणीनंतर भारताकडे सहा केंद्रं उरली: दिल्ली, मुंबई, कोलकाता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ.

दुसरी खूण म्हणजे लाँगवेव्ह. युरोपात विकलेल्या सेटला लाँगवेव्हचा बँड असतो, कारण तिकडे त्यावर केंद्रं होती. आपल्याकडे त्याचा उपयोग नव्हता. एक मीडियम आणि दोन-तीन शॉर्टवेव्ह, लाँगवेव्ह नाही, असं दिसलं की सेट भारतासाठी किंवा निर्यातीसाठी बनलेला असण्याची शक्यता जास्त. बँडच्या रकान्यात हे भरलं की युरोपातले बरेच सेट आपोआप बाहेर पडतात.

केळीबाग (रावेर)
ताई, काचेवर जळगाव असलेला सेट कुठे पाहिलात का? आमच्या घरात सकाळ जळगाव केंद्रानेच व्हायची. बाबा शेतात निघेपर्यंत बंद करायचा नाही असा दंडक होता.

काचेवरची_गावं
अजून नाही पाहिला. जळगाव केंद्र १९७६ चं. तोवर व्हॉल्व्हचे सेट मागे पडले होते, ट्रान्झिस्टर घरोघरी आला होता. आणि ट्रान्झिस्टरच्या छोट्या डायलवर गावांच्या नावांना जागा कुठली! आकडेच असायचे.

मुराई (अमळनेर)
९६३ किलोहर्ट्झ! अजून तोंडपाठ आहे.

डायलडोरी
मुराई, त्या ९६३ ला नऊने पूर्ण भाग जातो. २३ नोव्हेंबर १९७८ पासून आपल्या भागातली मीडियमवेव्ह केंद्रं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवली गेली, जिनिव्हात १९७५ मध्ये ठरलेल्या आराखड्याप्रमाणे. त्याआधी अंतर दहाचं होतं. म्हणून जुन्या मासिकातल्या केंद्रांच्या यादीत मीडियमवेव्हचे आकडे शून्याने संपणारे दिसतात. कागदावर तारीख नसेल तर यावरून तो १९७८ च्या आधीचा की नंतरचा हे कळतं.

पानापानातून (अमळनेर)
माझं काम ग्रंथालयाचं, त्यामुळे संग्रहात शोधायचं कसं यावर थोडं सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, तुम्ही कशात शोधताय ते बघा. इंटरनेट आर्काइव्हवर शोधाच्या चौकटीत साधं टाकलं की ते फक्त नाव, विषय, वर्णन यात शोधतं. आतल्या पानांतल्या मजकुरात शोधायचा पर्याय वेगळा निवडावा लागतो. तो निवडला नाही तर तुमचा मॉडेल नंबर एखाद्या सर्व्हिस मॅन्युअलच्या आत असूनही दिसणार नाही. मॉडेल नंबर हा पुस्तकाच्या नावात क्वचितच असतो, तो आतच असतो.

दुसरी गोष्ट, त्या काळचे शब्द. आपण आज कॅपॅसिटर म्हणतो, पण तेव्हाच्या पानावर कंडेन्सर छापलंय. किलोहर्ट्झ शोधाल तर १९६० च्या आधीच्या इंग्रजी कागदात ते क्वचितच मिळेल. हर्ट्झ हे एकक १९६० मध्ये अधिकृत झालं, तोवर किलोसायकल लिहायचे. नुसतं पिकोफॅरड शोधू नका, मायक्रो-मायक्रोफॅरडही शोधा. इंग्लंडच्या कागदात व्हॉल्व्ह आणि वायरलेस सेट, अमेरिकेच्या कागदात ट्यूब आणि रिसीव्हर. सर्किटलाही तीच तऱ्हा: सर्किट डायग्राम, स्कीमॅटिक, सर्व्हिस शीट, आणि जर्मन कागदात शाल्टप्लान. रेडिओम्युझियम मुळात स्वित्झर्लंडचं आहे, तिथे जर्मनमधल्या चर्चा बऱ्याच आहेत. भाषांतराचं बटण दाबून वाचल्या तरी काम होतं.

तिसरी गोष्ट, स्कॅनमधल्या चुका. पान स्कॅन करून संगणकाने अक्षरं ओळखलेली असतात. तिथे इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि एक, बी आणि आठ, एस आणि पाच यांची अदलाबदल होते. मॉडेल नंबर सापडत नसेल तर ही अक्षरं उलटसुलट करून परत टाका. डॅश आणि जागेचंही तसंच. काहींनी नंबर जोडून लिहिलेला असतो, काहींनी मधे जागा सोडून, काहींनी डॅश देऊन. तिन्ही तऱ्हेने शोधायचं. जोडशब्द अवतरणचिन्हांत घातले की ते सुटे होत नाहीत.

चौथी, व्हॉल्व्हची दुहेरी नावं. ईसीएच८१ अमेरिकेत ६एजे८, ईएल८४ म्हणजे ६बीक्यू५, ईझेड८० म्हणजे ६व्ही४, डीके९१ म्हणजे १आर५. एका नावाने शोधलं आणि हाती काही लागलं नाही तर दुसऱ्याने शोधा.

शेवटची गोष्ट, कोणत्या संग्रहात काय आहे ते लक्षात ठेवा. अमेरिकन सेट असेल तर रायडरचे मॅन्युअल, त्याचे २३ खंड आहेत. ब्रिटिश मर्फी, बुश, एको यांच्यासाठी ट्रेडर सर्व्हिस शीट. हॅम (हौशी रेडिओवाल्यांचे) आणि लष्करी सेट यांच्यासाठी बामा, हा जुन्या मॅन्युअलचा ऑनलाइन संग्रह. मासिकं आणि जाहिराती वर्ल्ड रेडिओ हिस्टरीवर, तिथे वायरलेस वर्ल्डचे जुने अंक आहेत. हौशी रेडिओचं साहित्य इंटरनेट आर्काइव्हने २०२२ पासून वेगळ्या दालनात गोळा करायला घेतलंय. व्हॉल्व्हची डेटाशीट हवी असेल तर फ्रँकची साइट. चुकीच्या दालनात कितीही बारकाईने शोधलं तरी वेळ वायाच जातो.

शेवभाजी_डबल_रस्सा
मॅडम, हे छापून दुकानात भिंतीला लावतो.

सातपुडा_वारा
फिलिप्सच्या नंबराबद्दल मी थोडी भर घालतो. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून नंबरातच बरंच काही लिहिलेलं असतं. बी ने सुरू म्हणजे टेबल सेट, एल म्हणजे पोर्टेबल. पुढचा आकडा सेटचा दर्जा, मोठा आकडा म्हणजे भारी सेट. शेवटच्या दोन आकड्यांतला पहिला बहुतेक वेळा सालाचा असतो. बी५एक्स७२ए मधला ७ म्हणजे १९५७. आणि शेवटचं अक्षर वीजपुरवठ्याचं: ए फक्त एसी, यू एसी-डीसी, बी बॅटरी, टी ट्रान्झिस्टर. पुठ्ठ्याचा तुकडा उरला असेल आणि त्यावर नुसतं शेवटचं अक्षर वाचता येत असेल तरी अर्धी यादी गळते.

केळीबाग
मॉडेल नंबर सापडायची आणखी एक जागा सांगतो, ती म्हणजे कपाटातली जुनी कागदपत्रं. पूर्वी रेडिओला पोस्टातून लायसन काढावं लागायचं, दरवर्षी फी भरून शिक्का मारून आणायचं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत हे चालू होतं. आमच्या घरचं लायसनचं पुस्तक सातबाऱ्याच्या पिशवीत निघालं. त्यावर सेटचा मेक आणि नंबर पोस्टमास्तरांच्या हाताने लिहिलेला आहे, निळ्या शाईत, अजून स्वच्छ वाचता येतो. ज्यांच्याकडे सेट घरातलाच आहे त्यांनी आधी ती पिशवी उपसावी.

तापीकाठ
केळीबाग, हे डोक्यातच आलं नव्हतं. वाड्याच्या मंडळींना विचारतो.

भुसावळ_यार्ड
पानापानातून ताईंचं लिखाण वाचलं. चांगलं आहे, मी जपून ठेवलंय. पण एका गोष्टीवर माझं मत ठाम आहे. संग्रहातलं सर्किट हे कारखान्यातून निघालेल्या सेटचं असतं. तुमच्या टेबलावरचा सेट पुढची कित्येक वर्षं चार मेकॅनिकांच्या हातांखालून गेलेला असतो. इकडे तर उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर पारा जातो. कंडेन्सरमधलं मेण वितळून खाली सांडलेले सेट मी कितीतरी उघडलेत. मिळेल तो पार्ट लावून सेट चालू करून देणं हे त्या मेकॅनिकांचं काम होतं आणि त्यांनी ते इमानाने केलं. त्यामुळे स्कॅनमध्ये आहे म्हणून आतलं उपटायचं, हे करू नका. त्या माणसाने तसं का केलं ते आधी समजून घ्या.

डायलडोरी
काका, याच्याशी मी शंभर टक्के सहमत. म्हणूनच शोधाआधी फिलामेंटची बेरीज करायला सांगतो. यूसीएच८१ चे १९, यूबीएफ८९ चे १९, यूसीएल८२ चे ५०, यूवाय८५ चे ३८. एकूण १२६ व्होल्ट. २३० तून १२६ वजा केले की १०४ उरतात, म्हणजे ड्रॉपर रेझिस्टर (हे उरलेलं व्होल्टेज खाणारा) साधारण १०४० ओहमचा हवा. डायलचा दिवा, थर्मिस्टर धरले तर थोडं इकडेतिकडे. प्रत्यक्ष मोजलं आणि आकडा फारच वेगळा आला तर एखादा व्हॉल्व्ह मागाहून बदललेला आहे असं समजायचं, आणि तो नंबर शोधात टाकायचा नाही. बदललेला व्हॉल्व्ह शोधात गेला की संग्रह तुम्हाला भलत्याच सेटकडे नेतो.

मुराई
एक वेगळाच प्रश्न. गावागावांत ग्रामपंचायतीचा रेडिओ असायचा, चावडीवर भोंगा लावलेला. ते सेट या संग्रहांत सापडतात का?

पानापानातून
त्यासाठी उपकरणांच्या यादीऐवजी अहवालांत शोधा. १९५६ मध्ये आकाशवाणी आणि युनेस्को यांनी मिळून पुणे केंद्रावरून मराठी भागातल्या १५० गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला होता. त्याचा अहवाल युनेस्कोच्या डिजिटल ग्रंथालयात आहे. आपला खानदेश त्यात नव्हता, पण गावात सेट कसा ठेवायचे, लोक कसे जमायचे, हे त्यातून कळतं. कम्युनिटी रिसीव्हर, रुरल ब्रॉडकास्टिंग, कम्युनिटी लिसनिंग असे शब्द टाका, इंग्रजी स्पेलिंगमध्ये.

मुराई
आभारी आहे ताई. चावडीतला सेट बंद पडला की गाव मेकॅनिकच्या सायकलची वाट बघायचं, हे आजोबांकडून ऐकलंय. शोधतो.

तापीकाठ
मंडळी, बरीच प्रगती आहे.

कुंभारमाशीचं घर मऊ ब्रशने कोरडंच काढलं. रिकाम्या बेसच्या ४ आणि ५ नंबरच्या पिनांमध्ये खरंच रेझिस्टर निघाला, वायरवाउंड, ३९० ओहम. आणि बाजूला डायोड, बीवाय१२७. डायलडोरींनी न बघता सांगितलं होतं ते जसंच्या तसं. सोल्डरचं काम इतकं नीट आहे की त्या मेकॅनिकला मनापासून नमस्कार केला.

मग रेडिओम्युझियमवर चारही व्हॉल्व्ह, साल १९५३ पासून पुढे, मीडियम अधिक दोन शॉर्टवेव्ह, एसी-डीसी, आणि सगळ्यात शेवटी फिलिप्स, या क्रमाने भरलं. यादी एका पानावर आली. त्यात बी३एक्स घराण्यातला, शेवटी यू असलेला एक सेट आतून माझ्या सेटशी हुबेहूब जुळतो. व्हॉल्व्हची मांडणी, आयएफटीची जागा, गँगच्या (केंद्र लावायच्या फिरत्या कंडेन्सरच्या) मागची दोरीची पुली, सगळं तेच. खोकं आणि बटणं मात्र वेगळी. भारतीय नोंद अशी सापडली नाही. पाहुण्यांना सर्किट मर्यादितच बघता येतं, म्हणून सभासद व्हायचं ठरवलंय.

आता शंका अशी की खोकं जुळत नसताना त्या सर्किटवर भरवसा ठेवायचा का?

डायलडोरी
ठेवा, पण तीन ठिकाणी ताडून. एक, आयएफ. फिलिप्सचे त्या काळातले बरेच सेट ४५२ किलोसायकलवर आहेत. अमेरिकन सवयीने ४५५ वर लावून ठेवलेला असेल तर आवाज येईल पण डायलवरची गावं सरकतील. दोन, बँड स्विचच्या कॉइल. लाँगवेव्ह काढून दुसरी शॉर्टवेव्ह घातलेली असेल तर तेवढाच भाग सर्किटमध्ये वेगळा निघेल, आणि तो भुसावळच्या काकांच्या पद्धतीने हाताने उतरवावा लागेल. तीन, आउटपुट ट्रान्सफॉर्मर. तो बदललेला आहे का ते बघा. बाकी जुळलं की निर्धास्त राहा.

भुसावळ_यार्ड
आणि उतरवलेला कागद टाकून देऊ नका. इथे टाका. मी तपासून देतो.

पानापानातून
तापीकाठ, माझी एक कळकळीची विनंती. भारतीय नोंद सापडली नाही म्हणता, तर ती तुम्हीच करा. मर्फीचा कारखाना ठाण्यात होता, नॅशनल एको मुंबईत, फिलिप्स कोलकात्यात. इथे बनलेल्या सेटची संख्या मोठी, पण जगभरच्या संग्रहांत आपल्या नोंदी फार तोकड्या आहेत. कारण टाकणारं कोणी नाही. मागचा पुठ्ठा, खोक्याच्या आत चिकटवलेला व्हॉल्व्हच्या जागांचा कागद, दुकानाची चिठ्ठी, लायसनचं पुस्तक, जे हाताशी असेल ते ३०० डीपीआयला स्कॅन करा. लायसनवरचं नाव-पत्ता झाका, मेक आणि नंबर राहू द्या. फाइलच्या नावात कंपनी, मॉडेल आणि साल इंग्रजीत घाला. मोबाईलने दिलेलं आकड्यांचं नाव तसंच ठेवलं तर पुढच्या माणसाला ती फाइल कधीच सापडणार नाही.

केळीबाग
लायसनच्या पुस्तकाचा स्कॅन मी या आठवड्यात करतो. सेट मर्फीचा आहे.

काचेवरची_गावं
माझ्याकडे सुट्या काचांचे फोटो आहेत, भंगारातून वाचवलेल्या. सेट गेले, काचा राहिल्या. तेही टाकते. कोणाला आपल्या फुटलेल्या काचेची नक्कल करायची असेल तर उपयोग होईल.

तोरणमाळ_खाले (नंदुरबार)
राम राम भाऊ. बठ्ठं वाचं. मन्हा घर बी एक सेट शे, आजाना येळना, गावमा लाईट येवाना आधीना. व्हॉल्व्हवर डीके९६, डीएफ९६, डीएएफ९६, डीएल९६ अशे नंबर शेतस. याले करंट कथाईन देवाना?

शेवभाजी_डबल_रस्सा
डी मालिका! वर डायलडोरींनी सांगितलंय बघा, बॅटरी सेट. भाऊ, याला घरचा २३० चा करंट अजिबात लावू नका.

डायलडोरी
तोरणमाळ_खाले, तुमचं काम सगळ्यात सोपं आहे, कारण चारही नंबर वाचता येतात आणि संच पूर्ण आहे. ते चार नंबर टाका, वीजपुरवठ्याच्या रकान्यात बॅटरी निवडा, यादी लहानच येईल. फिलिप्स असेल तर मॉडेलच्या शेवटी बी असण्याची शक्यता जास्त.

सर्किट मिळेपर्यंत एवढं ध्यानात ठेवा. या सेटला दोन बॅटऱ्या लागायच्या. एक फिलामेंटची, दीड व्होल्टची, आणि एक ९० व्होल्टची मोठी. ती मोठी आता मिळत नाही. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटऱ्या दहा घ्या आणि एकीच्या टोकात दुसरीचं टोक अडकवत सिरीजमध्ये जोडा, झाले ९०. हात मात्र सांभाळा, ९० व्होल्टचाही झटका बसतो. फिलामेंटला दीड व्होल्टचा मोठा टॉर्चचा सेल पुरेसा आहे. तीन व्हॉल्व्हचे प्रत्येकी २५ आणि डीएल९६ चे ५०, मिळून १२५ मिलिअँपियर लागतात.

हे व्हॉल्व्ह डोळ्याला पेटलेले दिसत नाहीत, लाल उजेड जवळपास नसतोच. दिसत नाही म्हणून व्होल्टेज वाढवू नका, केसासारखं फिलामेंट लगेच तुटतं. तारा जोडण्याआधी कोणती जोडी फिलामेंटची आणि कोणती ९० ची हे मीटरने पक्कं करा. प्लगच्या पिनांचा फोटो इथे टाका, मग पुढचं सांगतो.

तोरणमाळ_खाले
संध्याकायले टाकस भाऊ.